बॅकलिंक म्हणजे दाखल्यावरची सही



नेहमी इथे निबंध, पाठाची टिपणं किंवा सरावाचे प्रश्न असतात. आज मात्र त्या निबंधापर्यंत मूल पोहोचतं कसं, त्याबद्दल लिहितोय. कारण आपल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप वरचेवर फिरतो: "सर्वांनी आपापल्या ब्लॉगची लिंक पाठवा. तुमची मी लावतो, माझी तुम्ही लावा. सगळेच गुगलवर वर येऊ." पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. रात्री दहाला घरची कामं आटोपून चाचणी टाइप करायची आणि ती चार माणसांनीही बघू नये, याचं दुःख करणाऱ्यालाच कळतं. तरीही माझं मत असं आहे की हा रस्ता चुकीचा आहे. गुगलचे नियम हे त्याचं एक कारण, पण मोठं कारण आपल्या पोरांचं आहे. ते पुढे येईलच.

आधी बॅकलिंक म्हणजे काय ते बघू. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. दुसऱ्या कुणाच्या पानावर तुमच्या पानाची लिंक असेल, तर ती तुमच्यासाठी बॅकलिंक. १९९६ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन विद्यार्थी एक शोधयंत्र बनवत होते. त्याचं पहिलं नाव होतं 'बॅकरब', आणि ते या बॅकलिंकवरूनच पडलं होतं. पुढे त्याचंच गुगल झालं. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात भरलेल्या परिषदेत त्यांनी आपली रीत मांडली. विचार साधा होता. अभ्यासक जसे आपल्या लेखात इतरांच्या लेखांचे संदर्भ देतात आणि ज्याचा संदर्भ अनेक जाणकार देतात तो लेख महत्त्वाचा मानला जातो, तसंच इंटरनेटवरच्या पानांचं करायचं.

पण त्यात नुसती मोजणी नव्हती. ज्या पानाला स्वतःला चांगल्या पानांकडून लिंक आहेत, त्याच्या मताला वजन जास्त. शिवाय ते वजन वाटलं जातं. फळ्यावर मांडायचं तर असं: एका पानाचं वजन १०० धरा. त्यावर ४ लिंक असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला २५. लिंक २०० असतील तर प्रत्येकीला अर्धा. (मूळ सूत्रात आणखी एक गुणक आहे, तो सध्या बाजूला ठेवू.) आता सांगा, ज्या ब्लॉगच्या उजव्या बाजूला 'माझे ब्लॉगर मित्र' म्हणून दीडशे नावं लटकलेली आहेत, तिथे आपलं एकशे एक्कावन्नावं नाव लागून पदरात काय पडणार? गुगल आज केवळ या एका सूत्रावर चालत नाही, इतर पुष्कळ गोष्टी बघतं. पण शंभर मित्रांच्या यादीला काही अर्थ का नाही, हे एवढ्या गणितावरून पाचवीच्या पोरालाही कळेल.

वर्तणूक : चांगली

आपण सगळ्यांनी शाळा सोडल्याचे दाखले लिहिलेत. त्यात एक रकाना असतो, वर्तणुकीचा. तिथे आपण काय लिहितो? 'चांगली'. ज्याने वर्षभर बाकावर नावं कोरली त्याचीही चांगली, जी पोरगी रोज दोन किलोमीटर चालत येऊन पहिल्या बाकावर बसली तिचीही चांगली. पोरांचं नुकसान होऊ नये म्हणून लिहितो आणि ते बरोबरच आहे. पण परिणाम असा, की पुढच्या शाळेत तो रकाना कुणी वाचतच नाही.

लिंकांचं अगदी हेच झालं. लोकांना कळलं की लिंक मिळाली की पान वर चढतं. मग लिंकांची दुकानं निघाली. पैसे टाकले की हजारो लिंक. नुसत्या लिंक लावण्यासाठी बनवलेली संकेतस्थळं निघाली, ज्यांत एकही ओळ कुणी वाचण्यासाठी लिहिलेली नव्हती. मोठमोठ्या कंपन्याही यात उतरल्या. अमेरिकेतल्या जेसी पेनी या प्रसिद्ध दुकानसाखळीचं प्रकरण 'न्यूयॉर्क टाइम्स'ने फेब्रुवारी २०११ मध्ये उघड केलं. कपडे, गालिचे, फर्निचर, काहीही शोधा, हेच दुकान सगळ्यात वर. कारण ज्यांचा कपड्या-फर्निचरशी काडीचा संबंध नाही अशा हजारो पानांवर त्याच्या लिंक पेरलेल्या होत्या. कंपनीने आपल्याला याची कल्पना नसल्याचं सांगितलं. गुगलने कारवाई केली आणि काही शब्दांसाठी जे पान पहिल्या क्रमांकावर होतं ते काही तासांत थेट सत्तरच्या आसपास गेलं. सत्तरावा क्रमांक म्हणजे सातवं पान. गुगलचं सातवं पान आपण शेवटचं कधी उघडलं होतं, आठवून बघा.

२४ एप्रिल २०१२ ला गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला. बनावट लिंकांच्या जोरावर वर चढलेली पानं त्याने खाली ओढली. तेव्हापासून ही पकडापकडी चालूच आहे. आज गुगलच्या लिखित धोरणात स्पष्ट आहे: क्रमवारीसाठी लिंक विकत घेणं-विकणं, त्याबदल्यात वस्तू किंवा सेवा देणं, 'तू मला दे, मी तुला देतो' अशी भरमसाट अदलाबदल, यंत्राने लिंक पेरणं, हे सगळं बनावट लिंकांत मोडतं. आपल्या गटावरचा तो निरोप पुन्हा वाचा आणि यातल्या कोणत्या प्रकारात बसतो ते तुम्हीच ठरवा.

याचा अर्थ दोन शिक्षकांनी एकमेकांच्या ब्लॉगची लिंक द्यायचीच नाही, असा मुळीच नाही. केजच्या मॅडमनी अपूर्णांकावर सुंदर कृती लिहिली आणि मी माझ्या गणिताच्या पाठात "ही कृती आधी करून घ्या" म्हणून ती जोडली, तर यात गैर काय? उद्या त्यांनाही माझं काही आवडलं तर त्याही जोडतील. फरक एवढाच की तिथे लिंक देण्याआधी कुणीतरी ते पान वाचलेलं असतं.

आपल्या अवतीभवतीचे प्रकार

सगळ्यात निरागस प्रकार म्हणजे प्रतिक्रियांतली लिंक. "खूप छान सर! माझ्याही ब्लॉगला भेट द्या" आणि खाली पत्ता. यात पाप नाही, पण पुण्यही नाही. जानेवारी २००५ मध्येच गुगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून 'नोफॉलो' नावाची खूण स्वीकारली. ती खूण असलेली लिंक म्हणजे 'हे मत माझं नाही' असं ब्लॉगमालकाने शोधयंत्राला सांगणं. ब्लॉगरवर प्रतिक्रियांतल्या लिंकांना ही खूण आपोआप लागते. विकिपीडियाच्या लेखांतून बाहेर जाणाऱ्या लिंकांनाही ती असते. तेव्हा मराठी विकिपीडियावर जाऊन 'बीड जिल्हा' लेखात आपल्या ब्लॉगचा पत्ता घुसडणाऱ्यांनी कृपया थांबावं. गुगलवर काही हाती लागत नाही, आणि तिथे फुकट राबणाऱ्या संपादकाला ते पुसत बसावं लागतं. त्यापेक्षा त्या लेखात तालुक्याची दोन नीट वाक्यं पुस्तकाच्या संदर्भासह भरा.

व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंकही बॅकलिंक म्हणून धरली जात नाही, कारण तिथलं गुगलला दिसतच नाही. पण तिथून खरी माणसं येतात, ते बंद करू नका.

दुसरा प्रकार आपल्या नकळत होतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. आपण ब्लॉग सजवायला फुकटातलं टेम्प्लेट उतरवून घेतो. भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा एखादा काउंटर लावतो, घड्याळ लावतो, सरकती पट्टी लावतो. यातल्या काहींच्या पोटात लिंक दडवलेल्या असतात. पार्श्वभूमीच्याच रंगात, डोळ्याला न दिसणाऱ्या, भलत्याच दुकानांच्या. म्हणजे आपल्या ब्लॉगच्या प्रत्येक पानावरून आपण कुणाची तरी शिफारस करत असतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. वेळ काढून एकदा ब्लॉग संगणकावर उघडा, पानाचा मूळ कोड बघा, त्यात अनोळखी पत्ते शोधा. जमत नसेल तर संगणक येणाऱ्या माजी विद्यार्थ्याला बसवा. आणि काउंटर काढून टाका; कितीजण येऊन गेले ते ब्लॉगरच्या आकडेवारीत दिसतंच.

आता मुख्य गोष्ट.

ब्लॉग पाच-सात वर्षं जुना असेल, त्यावर नियमित लेखन असेल, तर कधी ना कधी एक ईमेल येते. भाषा गोड असते. तुमचा ब्लॉग आम्हाला फार आवडला, आम्ही तयार लेख देतो, तो तुम्ही छापा, त्यात एक लिंक असेल, त्याचे एवढे पैसे. कधी लेखही नसतो. तुमच्या जुन्या निबंधातल्या एका शब्दाला लिंक जोडा, बस. ती लिंक कुठे जाते बघितलं तर रमी, सट्टा, झटपट कर्ज, नाहीतर कुठलं तरी चमत्कारी औषध. आपला ब्लॉग त्यांना आवडलेला नसतो. पोरांचा, शाळेचा, मास्तरचा ब्लॉग म्हणून त्याला जी पत आहे, ती त्यांना भाड्याने हवी असते.

काहीजण म्हणतात, एक लिंक दिल्याने काय होतं, कोण बघतंय. आपल्या जिल्ह्यात कोण बघतंय ते मी सांगतो. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडची गावं निम्मी रिकामी होतात. आईबाप ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. पोरं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे. घरात एक मोबाईल, तो पोराच्या हातात, कारण आजीला तो वाचता येत नाही. पोरगं 'माझा आवडता सण निबंध' शोधतं, आपल्या पानावर येतं, आणि निळ्या अक्षरावर बोट टेकवतं. सरांच्या ब्लॉगवर आहे म्हणजे चांगलंच असणार, असं त्याला वाटतं. मागे बसून "अरे, ते नको उघडू" म्हणणारं त्या घरात कुणी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी घालणारा कायदा मंजूर केला, तो भाग वेगळाच. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

खऱ्याखुऱ्या प्रायोजकाची लिंक द्यायची असेल, समजा तालुक्यातल्या पुस्तकविक्रेत्याने विज्ञान प्रदर्शनाला मदत केली, तर जरूर द्या. वर 'प्रायोजित' असं लिहा. २०१९ पासून गुगलने त्यासाठी वेगळी खूणही ठेवलेली आहे, ती लावली की नियमात बसतं. लपवाछपवी करायची नाही, एवढंच.

याचाच एक भाऊबंद प्रकार आहे, तो मुख्याध्यापकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. शाळेने हौसेने स्वतःचा डोमेन घेतलेला असतो. घेणारे सर तंत्रस्नेही, त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर नोंदणी. पुढे सरांची बदली होते. नूतनीकरणाची सूचना त्यांच्या जुन्या ईमेलवर येते, कुणी बघत नाही, डोमेन सुटतो. सुटलेला डोमेन कुणीही विकत घेऊ शकतं, आणि असे डोमेन हुडकत बसणारे लोक आहेत. कारण काय? त्या शाळेची लिंक वर्तमानपत्राच्या बातमीत, विभागाच्या पानावर, माजी विद्यार्थ्यांच्या ब्लॉगवर तशीच शिल्लक असते. सगळी जुनी पत आयती मिळते. मग शाळेच्या नावाच्या पत्त्यावर जुगाराचं पान उघडतं. मार्च २०२४ मध्ये गुगलने या प्रकाराला धोरणात नाव देऊन मनाई केली, पण पान गुगलवरून गेलं तरी जुन्या लिंका दाबणाऱ्याला ते दिसतच राहतं. त्याच वर्षी काही राज्यांच्या सरकारी संकेतस्थळांतसुद्धा सट्ट्याच्या लिंक घुसल्याच्या बातम्या आल्या होत्या. सरकारी पत्त्याची ही गत, तिथे आपलं काय! म्हणून डोमेनची नोंदणी शाळेच्या ईमेलवर करा, पासवर्ड कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत लिहा, हजेरीपटासारखा. आणि आपल्या ब्लॉगवरच्या जुन्या लिंका वर्षातून एकदा, उन्हाळी सुट्टीत, एकेक उघडून बघा. दिली तेव्हा शाळा होती, आज तिथे काय आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही.

मग करायचं काय?

लिंक मिळवायची एकच टिकाऊ रीत मला माहीत आहे: दुसरीकडे नाही असं काहीतरी आपल्या पानावर असणं. हे ऐकायला उपदेशासारखं वाटतं, म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून तो गोळा केला, एक लाखाहून अधिक ओव्या. त्यात आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, नव्वदच्या दशकात टिपलेल्या, आवाजासकट. ज्याला ओवी शिकवायची आहे, ज्याला बाबासाहेबांवर लोकगीतांतून काही सांगायचं आहे, त्याला त्या पानाची लिंक द्यावीच लागते. दुसरीकडे ते मिळत नाही.

आता आपली पानं बघा. बीडच्या खजाना विहिरीवर माहिती शोधा. सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली, भुयारी कालव्यांतून शेतीला पाणी देणारी ही विहीर; आणि पानामागून पान तोच परिच्छेद, त्याच चुकांसकट. कुणी कुणाचं उचललं तेही सांगता येऊ नये. पण समजा एखाद्या शाळेने सहावीची पोरं नेली, पायऱ्या मोजल्या, मे महिन्यात आणि सप्टेंबरात पाण्याची पातळी काठीने मोजून लिहिली, जवळच्या शेतकऱ्याशी बोलून पाणी कुठवर जातं ते नकाशावर काढलं, आणि ते पान टाकलं. पुण्याचा जलतज्ज्ञ त्याची लिंक देईल, इतिहासाचा विद्यार्थी देईल, सहलीला येणारी दुसरी शाळा देईल. एकालाही विनवावं लागणार नाही.

तसंच आद्यकवी मुकुंदराजांचं. आपण अंबाजोगाईचे म्हणतो, तिथे त्यांची समाधी आहे. विदर्भातले लोक आंभोऱ्याचे म्हणतात. 'विवेकसिंधु' शके १११० चा, हे परंपरेने सांगितलं जातं, त्यावरही अभ्यासकांत वाद आहेत. यावर आपल्या बाजूचा अभिमान आवरून, दोन्ही पक्ष काय पुरावा देतात ते सोप्या मराठीत मांडणारं एक पान कुणी लिहिलं, तर त्याला अंबाजोगाईतूनही लिंक मिळेल आणि नागपुरातूनही.

लिंक मागायला हरकत नाही, बरं का. पण मागताना "माझ्या ब्लॉगची लिंक लावा" असं म्हणू नका. "तुमच्या सहलीच्या पानावर विहिरीचा उल्लेख आहे, आम्ही केलेली मोजमापं इथे आहेत, उपयोगी वाटली तर जोडा," असं कळवा. नाही म्हणाले तर सोडून द्या.

आणि आपण देतो त्या लिंकांबद्दलही एक सांगायचंय. बरेच जण शासन निर्णयाची पीडीएफ उतरवून स्वतःच्या ड्राइव्हवर चढवतात आणि तिची लिंक देतात. बालभारतीच्या पुस्तकांचंही तेच, शिष्यवृत्ती परीक्षेच्या सूचनांचंही तेच. का, तर वाचक आपल्याकडेच राहावा, 'वजन' बाहेर जाऊ नये. हा हिशेब चुकीचा आहे. शासन निर्णय नंतर बदलतो, शुद्धिपत्रक निघतं, आणि पालक मात्र आपल्या ड्राइव्हवरची जुनी प्रत घेऊन कार्यालयात जातो. निर्णयाची तारीख आणि संकेतांक लिहा, शासनाच्या मूळ संकेतस्थळाची लिंक द्या. पुस्तक बालभारतीकडून मोफत मिळतं, तिकडेच पाठवा. योग्य जागी पाठवणाऱ्या माणसाकडे लोक पुन्हा येतात. एसटी स्टँडवर नीट गाडी सांगणाऱ्यालाच आपण पुढच्या वेळी विचारतो ना?

आता एक आक्षेप येणारच, आणि तो खरा आहे. प्रामाणिकपणे लिहिलेलं पान चौथ्या क्रमांकावर असतं आणि त्याचीच नक्कल करून, लिंक विकत घेऊन बसलेलं पान पहिल्या क्रमांकावर. होतं असं. महिनोन् महिने चालतं. गुगल सगळ्यांना पकडतं असं मी म्हणणार नाही, आणि मराठी पानांवर त्याची नजर इंग्रजीइतकी तीक्ष्ण असेल असंही मला वाटत नाही. नक्कल झाली असेल तर तक्रारीचा अर्ज गुगलकडे आहे, तो भरा. पण पोट जाहिरातींच्या उत्पन्नावर नाही, पगारावर आहे अशा आपल्यासारख्यांना पहिला क्रमांक हवा कशाला, याचा शांतपणे विचार करा. आपल्या पानाला महिन्याला तीनशे वाचक असतील आणि ते गेवराईपासून आष्टीपर्यंतचे शिक्षक असतील, तर ते मला तीस हजार चुकून आलेल्यांपेक्षा जास्त वाटतात.

कुणी कुणी आपली लिंक दिली आहे हे बघायचं असेल तर गुगलचं 'सर्च कन्सोल' मोफत आहे. ब्लॉगशी जोडा, त्यात 'लिंक्स' या भागात यादी मिळते. ओळखीची नावं दिसली तर त्यांचं पान उघडून त्यांनी आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, बहुतेक वेळा एखादी चूक दाखवलेली असते आणि ती बरोबर असते. अनोळखी, परदेशी, कचऱ्यासारखी नावं दिसली तर घाबरू नका. त्या नाकारण्याची सोय २०१२ पासून आहे, पण बहुतेकांना ती वापरायची गरज नसते, असं गुगलच सांगतं. "तुमच्यावर वाईट लिंक आहेत, पैसे द्या, काढून देतो" असा फोन आला तर ठेवून द्या.

खजाना विहिरीची मोजमापं यंदा कुणाची शाळा करणार असेल, तर पान तयार झालं की कळवा. मी वाचतो, आणि परिसर अभ्यासाच्या पाठाला ते जोडतो. बदल्यात माझी लिंक लावायची गरज नाही.